ओढ्यात पोकलेन उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. पुरंदर तालुक्याच्या पश्चिम भागातलं, डोंगराच्या कुशीतलं गाव. गावचा ओढा पूर्वी महाशिवरात्रीपर्यंत वाहायचा, आता दिवाळी सरली की नुसती डबकी उरतात. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पोकलेन मिळतोय. डिझेल गावानं घालायचं आणि काम मार्चअखेर उरकायचं. गावठाण तयार आहे, खालची वाडी आडून बसलीय. वरच्या अंगाला एका फार्महाऊसवाल्यानं ओढ्यात पाईप टाकून भराव केलाय. ग्रामपंचायतीचे एक तरुण सदस्य विचारतात: खोलीकरण करावं का, आणि करायचं तर कुठून कुठपर्यंत?

दादा, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. या मार्चमध्ये ओढ्याच्या मधल्या टप्प्यात पोकलेन उतरवू नका. निधी परत जाईल ही भीती खरी आहे, त्यावर शेवटी बोलू. तो खर्चायला तुमच्याकडे जास्त गरजेची कामं आहेत. आणि खालची वाडी ‘आडमुठी’ आहे असं तुम्ही लिहिलंय, तो शब्द तेवढा मागे घ्या. माझा अनुभव असा की खोलीकरणाला जो आडवा येतो, त्याला ओढ्याची माहिती सगळ्यात जास्त असते. ती त्याला नकाशावर मांडता येत नाही, एवढंच.

तुमच्या गावात विहिरी फोडणारा, सुरुंगाचं काम केलेला एखादा म्हातारा असेलच. त्याला पारावर बसवून एकच विचारा: वरून खाली काय काय लागतं? तो सांगेल, वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. कुठे मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा. शाळेच्या पुस्तकात हेच दख्खनचा बेसाल्ट म्हणून येतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. पण पाण्याच्या कामाला म्हाताऱ्याची भाषा जास्त उपयोगी. मुरूम पाणी धरतो. मांजऱ्याला बारीक छिद्रं असतात, तो कुजला की तोही धरतो. काळा पाषाण, त्याला भेगा नसतील तर, पाण्याला खाली जाऊ देत नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावर मुरलेलं पाणी या काळ्या पाषाणाच्या पाठीवर येऊन थांबतं आणि हळूहळू उताराकडे सरकतं. ओढ्यानं जिथे हे थर कापलेत, तिथे ते काठातून पाझरतं. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत तुमचा ओढा वाहायचा तो या पाझरावर. त्या दिवसांत आभाळातून थेंब पडत नसतो, वाहतं ते काठाच्या पोटातलं पाणी.

म्हणून ओढा लवकर आटायला लागला याचा अर्थ तो उथळ झाला असा नसतो. त्याला पाणी देणारा काठ रिकामा झालेला असतो. खोल केलेला ओढा तो काठ भरत नाही, उलट लवकर उपसतो. शेतात पाणी तुंबू नये म्हणून आपण बांधाकडेनं चर काढतो ना, तेच हे, मोठ्या मापात.

हे हातानं केलेल्या चुकीवरून सांगतोय. भूजलाच्या आणि पाणलोटाच्या कामात मला तीसेक वर्षं झाली. त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात आम्ही ओढ्याचा जवळजवळ एक किलोमीटर पट्टा चार मीटरपर्यंत खोल केला. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला चहा पाजतात. पहिल्या पावसात खड्डे काठोकाठ भरले, फोटो निघाले, पेढे वाटले. मांजऱ्याचा थर पार कापून आम्ही काळ्या पाषाणाला टेकलो होतो. मशीन तासावर होतं, त्यामुळे थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. वरच्या अंगाला धनगरवाड्याची पिण्याची विहीर, ओढ्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर. एरवी ती चैत्र काढायची. त्या वर्षी माघातच तळाला गेली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर पाण्याची जुनी पांढरी रेघ कुठल्या कुठे वर राहिली होती. ज्या भेगेतून झरा यायचा तिथलं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. ओढा विहिरीच्या पाझरापेक्षा खोल गेला होता, मग पाणी विहिरीत कशाला येईल? आणि खड्ड्यातलं पाणी गेलं कुठे, तर खड्ड्यांशेजारी ज्यांच्या मोटारी होत्या त्यांच्या रानात. दोन-तीन पावसाळ्यांत खड्ड्यांच्या तळाशी गाळ बसला, तळ लिंपल्यासारखा झाला आणि मुरायचंही थांबलं.

खोलीकरण कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. पात्रात नुसता गाळ भरून आलाय, खाली मुरूम आहे, आणि वरच्या डोंगरावरची कामं आधी झालीत, अशा ठिकाणी गाळ काढण्यापुरतं जरूर करा. टिकाव मुरमाला लागला की थांबायचं. मांजऱ्याला हात लावायचा नाही. वरच्या बारक्या ओघळींत तर मशीन न्यायचंच नाही. तिथे अनघड दगडांचे छोटे बांध आणि उतारावर समतल चर, बस्स. ‘माथा ते पायथा’ हे शब्द सरकारी फलकावर वाचून वाचून गुळगुळीत झालेत, पण त्यांच्यात खोट नाही.

आता नेमकं काय करायचं. शिवारफेरी करा, पण ठरावाला फोटो हवेत म्हणून सकाळी अकराला निघते तसली नको. सध्या पौष चाललाय, थंडी आहे, हेच दिवस बरे. उजाडायच्या आत ओढ्यावर पोचा. प्रत्येक डबक्यात पाय घाला. हसू नका, माझ्या पेटीतल्या कुठल्याही यंत्राइतकंच हे भरवशाचं आहे. उघड्यावर रात्रभर पडलेलं पाणी पहाटे गार दगड असतं, आणि जमिनीतून येणारं पाणी बाराही महिने साधारण एकाच तपमानाचं, म्हणून थंडीत ते कोमट लागतं. ज्या डबक्यात पाय घातल्यावर ऊब लागते, वर हलकी वाफ दिसते, तिथे पाझर जिवंत आहे. तिथे काठावर चुन्याची खूण करा. असे पाझर तुम्हाला सबंध ओढ्यात चार-पाचच सापडतील. उन्हाळ्यात याच जागांना लव्हाळा हिरवा राहतो, एखादं उंबर किंवा वाळुंज उभं असतं. आणि साती आसरांचे शेंदूर लावलेले धोंडे कुठे मांडलेत तेही बघा. मला तरी ते कोरड्या जागी मांडलेले फारसे दिसले नाहीत. या खुणांच्या वर-खाली दोन-दोनशे फूट कुठलंही मशीन जाणार नाही, एवढा ठराव पहिल्यांदा करून घ्या.

पाणी किती वाहतं तेही मोजायला हवं. या वर्षीचा प्रवाह हातातून गेला, तेव्हा पुढच्या कोजागिरीच्या सुमारास मोजा. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडा. दसऱ्याच्या तोरणातलं झेंडूचं फूल वरच्या टोकाला सोडा आणि मोबाईलवर वेळ धरा. समजा फूल चाळीस सेकंदांत खाली आलं, म्हणजे सेकंदाला पंचवीस सेंटिमीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याचे ऐंशी टक्के धरायचे, वीस सेंटिमीटर. पात्र एक मीटर रुंद आणि पाणी दहा सेंटिमीटर खोल असेल तर हिशेब येतो सेकंदाला २० लिटर. दिसायला ही घोट्याएवढी धार. पण दिवसाचे ते सव्वासतरा लाख लिटर होतात. जल जीवन मिशन माणशी रोजचे ५५ लिटर धरतं, त्या मापानं एकतीस हजार माणसांचं पाणी.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पाच अश्वशक्तीची मोटार, साठ-सत्तर फूट चढ असेल तर, सेकंदाला नऊ-दहा लिटर उचलते. म्हणजे अशा दोन मोटारी चालू झाल्या की तो ओढा संपला. तुमच्या ओढ्याच्या काठावर मोटारी किती आहेत? पात्रात थेट पाईप सोडलेल्या मोजा, काठावरच्या विहिरींवरच्याही मोजा. काठावरची विहीर ओढ्याचंच पाणी वाटेत अडवते. तुमच्या भागात अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात फळ देणारा, धरणारे वाढलेत, त्यांना नेमकं ओढा दम तोडतो तेव्हाच पाणी लागतं. त्यांना दोष देत नाही. उन्हाळ्यातल्या अंजिराला भाव आहे, आणि भाव मिळणारं पीक सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण ओढा दिवाळीलाच का आटतो याचं निम्मं उत्तर या मोजणीत सापडेल, आणि ते कुठल्याही पोकलेननं बदलणार नाही.

आता माणसं. तुमच्या पत्रात ‘गाव’ हा शब्द सात-आठ वेळा आलाय, जणू गाव म्हणजे एकच माणूस. ओढ्याला मात्र तसं कधीच दिसत नाही. वरच्या अंगाला मेंढरं पाणी पितात. मधे गावठाणाचा धुण्याचा पाणवठा. त्याच्या खाली स्मशानभूमी. आणि त्याच्याही खाली, बहुतेक गावांत, बौद्ध आणि मातंग वस्तीचा पाणवठा. ही उतरंड पाण्याच्या उतारानं ठरलेली नाही, जातीनं ठरवलेली आहे. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, महाडचा सत्याग्रह १९२७ चा. आता नळ आले, ओढ्यावर कुणी कुणाला अडवत नाही. पण वस्त्या जिथे होत्या तिथेच आहेत, आणि वरच्यांनी केलेल्या प्रत्येक कामाचा परिणाम आधी खालच्यांना भोगावा लागतो. मधल्या टप्प्यात एक किलोमीटर खड्डे घेतले तर पावसाळ्यानंतरचा प्रवाह आधी ते खड्डे भरणार आणि मग खाली जाणार. खालची वाडी एवढंच म्हणतेय. त्यात आडमुठेपणा कुठे आहे?

प्रत्येक वस्तीत जाऊन विचारा, पण चावडीवर बोलावून नाही, त्यांच्या पाणवठ्यावर जाऊन. बायकांना आधी. एका गावात आम्ही धुण्याचे धोंडे मोजले होते. गुळगुळीत, मधे किंचित खोलगट झालेले, पिढ्यान् पिढ्या कपडे आपटून झिजलेले. सतरा धोंडे होते आणि त्यातल्या अकरांच्या भोवती कोरडी वाळू. आम्ही एकेका धोंड्यापाशी थांबून विचारत गेलो, इथलं धुणं कधी सुटलं? एकीनं सांगितलं, थोरलीच्या बारशाला होतं, धाकट्याच्या वेळी नव्हतं. दुसरीला ती कुणाची नवी मोटार बसली ते वर्ष आठवत होतं. तासाभरात आमच्या हाती पंचवीस वर्षांचा इतिहास आला, कुठल्याही दप्तरात नसलेला. परटाला विचारा, पाणी कधीपासून जड झालं, साबणाला फेस येईना. मासे-खेकडे धरणाऱ्यांना विचारा, चढणीचे मासे पूर्वी कुठवर जायचे आणि आता कुठे अडतात. मासा अडतो तिथे बहुधा कुणीतरी भिंत किंवा पाईप घातलेला असतो.

तुमच्या बाबतीत तो कुठे अडत असेल हे न येताच सांगता येईल. फार्महाऊसच्या भरावापाशी. तिथे दोन फुटी सिमेंटचा एक पाईप टाकलाय असं तुम्ही म्हणता. त्याच्या वरचं पाणलोट शंभर हेक्टर धरू. तासात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर सेकंदाला सुमारे सात हजार लिटर पाणी त्या जागी येणार. दोन फुटी पाईपातून, पाणी जोरात असलं तरी, पाच-सहाशे लिटर जातात. म्हणजे असले बारा पाईप लागतील. उरलेलं पाणी भरावावर तुंबेल आणि मग भराव घेऊनच खाली येईल. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हाला आठवत असेल: पुण्यात आंबील ओढा घराघरांत शिरला आणि त्याच पावसानं तुमच्या कऱ्हा नदीलाही पूर आणला. एरवी वर्षातले आठ महिने ज्याच्यात पाय भिजत नाही तो ओढा काय करू शकतो, हे त्या रात्री सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं.

पण याची सुरुवात तक्रारीनं करू नका. तक्रार झाली की समोरचा वकील लावतो आणि सगळं तारखांवर जातं. आधी गाव नकाशा काढा, त्या गटाचा सातबारा काढा आणि पोटखराबाची, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीची, नोंद बघा. वर्ग ‘ब’ चा पोटखराब म्हणजे ओढा, रस्ता, सार्वजनिक वापरातली जमीन. ओढ्याचं पात्र कुणाच्या खासगी मालकीचं सिद्ध होत नसेल तर ते सरकारचं, हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये आहे. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. मोजणीच्या दिवशी फार्महाऊसच्या मालकाला हजर राहायचं आमंत्रण स्वतः जाऊन द्या, आणि हा वरचा पाईपाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. भराव फुटला तर पहिलं नुकसान त्याचंच आहे. अर्धे लोक इथेच ऐकतात. उरलेल्यांसाठी तहसीलदार आहेतच. जाता जाता, गौर आणायला बायका ओढ्यावर जातात ती वाट त्या कुंपणात गेली असेल, तर तीही नकाशावर बघून घ्या. वाट गेली की त्या जागेवरची नजर जाते, आणि नजर गेली की पुढचा भराव कुणाला दिसत नाही.

मोटारींचं कसं करायचं? इथे तुम्हाला दूर जायला नको. तुमच्याच तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते: पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. या शेवटच्या नियमावर लोक आजही चमकतात. तुम्ही एवढं सगळं आणू शकणार नाही, मलाही तशी आशा नाही. पन्नास वर्षांत माणसं आणि पिकं दोन्ही बदलली. पण दोन गोष्टी जमतील. एक, संक्रांतीनंतर पात्रात थेट मोटार नाही, कुणाचीच नाही, सरपंचाचीही नाही. दोन, पिण्याच्या विहिरीभोवतीची जागा मोकळी. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यातच आला होता, त्यामुळे हे तुम्ही नव्यानं लादताय असं कुणाला म्हणता येणार नाही. ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणा, तोवर पहाटेच्या फेऱ्या होतील. सही करणाऱ्यात खालच्या वाडीची माणसं हवीतच, आणि लक्ष ठेवायचं कामही त्यांनाच द्या. खालच्या टोकाला धार कमी झालेली त्यांच्याइतकी लवकर कुणाला कळते?

पाण्याच्या स्वच्छतेचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून दोनच वाक्यं. ओढ्याला लागून गोठ्याचं शेण, पोल्ट्रीची घाण आणि शौचालयांचे शोषखड्डे वाढलेत का बघा; ओढा वाहता राहत नाही तेव्हा हे सगळं त्याच काठातून विहिरीत जातं. जल जीवन मिशनमधून गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलंय, तुमच्या गावातही कुठेतरी तो संच कपाटात पडून असेल.

आणि पैसे. कंपनीच्या लोकांना भेटून कामाचं नाव बदलून घ्या, पोकलेनचे तास तेच राहू देत. मार्चअखेर उरकतील अशी कामं: गावच्या जुन्या सिमेंट बंधाऱ्यांतला गाळ काढणं आणि तो ज्यांना हवा त्यांच्या रानात टाकणं. गळणाऱ्या बंधाऱ्यांची दुरुस्ती. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आहेत की चोरीला गेलेत ते आजच बघा. दहातल्या पाच ठिकाणी बंधारा असतो आणि बर्गे नसतात, म्हणजे बंधारा नसल्यातच जमा. उरलेल्या तासांत डोंगरउतारावर, वनखात्याची जमीन सोडून, समतल चर. याचे फोटो खड्ड्यात साठलेल्या पाण्याइतके चांगले येत नाहीत हे खरं आहे, कंपनीवाले कुरकुर करतील. त्यांना पहाटेच्या फेरीला घेऊन या आणि कोमट डबक्यात पाय घालायला लावा. आजवर तीन कंपन्यांवर हा प्रयोग केला, दोन ठिकाणी जमला.

मी यायला तयार आहे, मानधन नको, सासवडपासून कुणाची तरी दुचाकी द्या. संक्रांतीच्या आधीची कुठलीही पहाट चालेल. फक्त मुक्कामाची सोय गावठाणात करू नका, खालच्या वाडीत करा. ओढा मी तिथूनच वर चालत येईन.